केळ्याचा मिल्कशेक आणि थांबण्याची ताकद

केळ्याचा मिल्कशेक हा काही सार्वजनिक प्रश्नांवरच्या पोस्टचा विषय नाही, असं तुम्हाला वाटेल. ज्याला धड चहा करता येत नाही त्यालाही मिल्कशेक करता येतो. पण एका ग्लासात जे चार जिन्नस एकत्र येतात ना, त्यातल्या प्रत्येकाच्या मागे एक मोठं राजकारण आहे, आणि ते आपल्याच राज्याशी बांधलेलं आहे. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी कृती सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढीच हवी ते मोकळे. दोन ग्लासांसाठी दोन चांगली पिकलेली केळी घ्या. सालीवर काळे ठिपके आलेली असली तर उत्तम. दूध तापवून, पूर्ण गार करून, साय काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं, साधारण दीड ग्लास. साखर आधी एकच चमचा, कारण केळं जितकं पिकतं तितकी त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. मग चव बघून वाढवा. चिमूटभर वेलदोड्याची पूड. आधी केळी आणि थोडंसं दूध फिरवा, गुठळी मोडली की उरलेलं दूध घाला आणि अर्धा मिनिट फिरवा. लगेच प्या. ठेवलंत तर काळं पडतं, कारण कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्याचा रंग बदलतो. झालं.

आता इतिहास.

दूध आणि केळं एकत्र खाणं आपल्याकडे नवीन नाही. शिकरण आपल्या घरात पिढ्यानपिढ्या आहे. अवचित पाहुणा आला, भाजी नाही, की केळ्याच्या चकत्या, दूध, साखर, वेलदोडा आणि सोबत गरम पोळी. आयुर्वेदाने दूध आणि केळं विरुद्ध आहारात घातलं आहे, तरीही मराठी माणसाने शिकरण सोडली नाही. पण शिकरण आणि मिल्कशेक यात फरक आहे. शिकरण हातानं होते, वाटीभर दुधात भागते, पोळीला लावून खातात. मिल्कशेकला ग्लासभर दूध लागतं, तेही प्रत्येकाला वेगळं. त्याला गारवा लागतो, वीज लागते, यंत्र लागतं. म्हणजे शिकरण हा टंचाईच्या काळातला पदार्थ आहे, आणि मिल्कशेक सुबत्तेचा.

मिल्कशेक हा शब्द अमेरिकेतला. १८८०च्या दशकात तो छापलेला सापडतो तेव्हा त्या पेयात अंडं आणि व्हिस्कीसुद्धा असायची. पुढे ते मुलाबाळांचं पेय झालं. १९११ मध्ये हॅमिल्टन बीच कंपनीचं विजेवर चालणारं ड्रिंक मिक्सर आलं आणि १९२२ मध्ये स्टीफन पॉपलॉस्की यांनी भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवलं. आपल्या ओट्यावरच्या मिक्सरचा पणजोबा तोच.

आपल्याकडे हे यंत्र घरोघरी यायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं गेली. आलेली परदेशी यंत्रं आपल्या वाटणघाटणापुढे टिकत नव्हती. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समधले इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर जळला, तेव्हा माथुरांनी जास्त ताकदीची मोटर घालून स्वतःच यंत्र तयार केलं. १९६३ साली त्यातून 'सुमीत' उभा राहिला. सत्तर-ऐंशीच्या दशकात लग्नाच्या आहेरात मिक्सर आला की मांडवात चर्चा व्हायची. तो घेतला जायचा चटणी-इडलीसाठी. पण सोबत एक मोठं भांडं यायचं, आणि सुट्टीत मुलांनी हट्ट धरला की त्यात मिल्कशेक व्हायचा.

पण यंत्र आलं म्हणून दूध येत नाही. इथून खरी गोष्ट सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईचं दूध यायचं शहरातल्या तबेल्यांतून. गोठे दाटीवाटीच्या वस्तीत, घाण भयंकर, आणि दुधात पाणी किती ते गवळ्यालाच ठाऊक. सरकारने १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीमखाली गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, रेल्वेने दूध आणायला सुरुवात केली. मक्ता मिळाला पोल्सन कंपनीला. मुंबईकर पैसे मोजत होता, कंपनी नफा कमवत होती, आणि खेड्याच्या शेतकऱ्याला मिळत होतं ते कंपनी ठरवेल तेवढं. त्याला दुसरा पर्याय का नव्हता? कारण दूध थांबत नाही. सकाळी काढलेलं दूध दुपारपर्यंत नासतं. घेणाऱ्याला हे माहीत असतं.

ते गाऱ्हाणं घेऊन शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. पटेलांनी सांगितलं की स्वतःची संस्था काढा. मोरारजी देसाई बैठकीला गेले, त्रिभुवनदास पटेल गावोगाव फिरले आणि १९४६ मध्ये पंधरा दिवस दूधबंद झालं. पोल्सनला थेंब मिळाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदला गेला. आपण ज्याला अमूल म्हणतो तो हा.

इकडे मुंबईत दारा खुरोडी नावाच्या अधिकाऱ्याने दुसरं टोक हातात घेतलं. शहरातल्या म्हशी उचलून गोरेगावला आरेच्या माळावर न्यायच्या ठरल्या. १९४९ पासून वसाहत उभी राहू लागली आणि १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिथल्या डेअरीचं उद्घाटन झालं. ज्यांनी आरेच्या काचेच्या बाटल्या आणि त्यांची चकचकीत झाकणं पाहिली आहेत, त्यांना दुधाचं कार्ड आठवत असेल. घरात माणसं किती, त्यावर दूध किती. पहाटे केंद्रावर रांग. माझी दादरची मावशी सांगायची की कार्डावरच्या दुधात चहा आणि मुलांचा कप भागायचा, दही लावायचं तर हिशेब करावा लागायचा. त्या घरात मिल्कशेक कुठून होणार? 'एनर्जी'ची बाटली कधीतरी हातात पडली की तीच चैन.

१९६३ साली वर्गीस कुरियन, दारा खुरोडी आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. कुरियनच तेवढे लक्षात राहिले. त्यांचं योगदान मोठं आहेच, पण ते नेमकं कशात आहे ते बघा.

म्हैस हिवाळ्यात जास्त दूध देते. मुंबई मात्र बारा महिने तेवढंच दूध प्यायची. हिवाळ्यातलं जास्तीचं दूध मुंबईने घेतलं नाही तर शेतकऱ्याने ते ओतायचं कुठे? म्हणजे संघ काढूनही गळा घेणाऱ्याच्याच हातात. यावर उपाय एकच होता. जास्तीच्या दुधाची भुकटी आणि लोणी करायचं. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं तेव्हा परदेशी तज्ज्ञ सांगायचे. हरिचंद दलाया या तंत्रज्ञाने ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये आणंदचा कारखाना सुरू झाला. त्या दिवसापासून खेड्याचं दूध थांबू शकलं. मुंबईने आज नाही घेतलं तर डब्यात भरून ठेवू, असं शेतकरी म्हणू शकला. भाव बदलला तो त्यानंतर.

पुढे १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं आणि १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. युरोपातून मदत म्हणून आलेली दूधभुकटी आणि बटर ऑइल मोठ्या शहरांच्या डेअऱ्यांत वापरलं, त्याचे पैसे गावोगावच्या संघांमध्ये घातले. १९९६ पर्यंत हा कार्यक्रम चालला आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारत जगातला पहिल्या क्रमांकाचा दूध उत्पादक झाला. कार्डं गेली, रांगा गेल्या, पिशवी दारात आली. आपल्या फ्रीजमध्ये मिल्कशेकपुरतं जास्तीचं दूध असतं, त्याचं कारण हे आहे.

आता साखर. ऊसही थांबत नाही. तोडल्यापासून त्यातली साखर उतरायला लागते, म्हणून तो लवकरात लवकर गाळावा लागतो. खासगी कारखानदार किंवा गुळाचा व्यापारी देईल तो भाव घ्यायचा, ही नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची स्थिती होती. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. ऊस थांबत नाही, पण पोत्यातली साखर थांबते. कारखाना शेतकऱ्याचा, म्हणजे थांबण्याची ताकद शेतकऱ्याची.

साखर सम्राट, निवडणुका, थकलेली बिलं, हे सगळं पुढे झालं, ते मला माहीत आहे. त्यावर वेगळं लिहिता येईल. पण १९६७ नंतर कितीतरी वर्षं रेशनवर ठरल्या भावाने साखर मिळाली आणि आज उसाला केंद्र सरकार दरवर्षी किमान भाव जाहीर करतं, हे दोन्ही होऊ शकलं कारण ऊस उत्पादक संघटित होता. त्याच्याकडे मतं होती, कारखाना होता, गोदाम होतं.

राहिलं केळं. आणि इथे गाडी अडते.

माझं आजोळ जळगाव जिल्ह्यातलं, यावल तालुक्यातलं. मामांची बाग होती, अजून आहे. नवती आणि पिलबाग, मृगबाग आणि कांदेबाग हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. तेव्हा बाग बसराईची असायची. ही कॅव्हेंडिश कुळातली बुटकी जात. कॅव्हेंडिश हे नाव इंग्लंडच्या एका सरदार घराण्याचं. १८३०च्या दशकात मॉरिशसहून आलेलं रोप जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने त्यांच्या काचघरात वाढवलं आणि मालकाचं नाव त्याला चिकटलं. रोप मूळचं आशियातलं, नाव गोऱ्या जमीनदाराचं!

जळगावचं केळं मोठं झालं ते रेल्वेमुळे. भुसावळ जंक्शन जवळ, आणि रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवरून वॅगनी भरून हिरवे घड थेट दिल्लीला जायचे. नव्वदच्या दशकात जळगावच्याच जैन इरिगेशनने टिश्यू कल्चरची ग्रँड नैन जात आणि ठिबक सिंचन शेतकऱ्यापर्यंत नेलं. घड मोठे झाले, सगळी बाग एकदम कापणीला येऊ लागली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज जगात सर्वात जास्त केळी भारतात पिकतात, जवळजवळ चौथा हिस्सा. इथपर्यंत ही यशोगाथाच आहे.

पण बागेच्या बांधावर काय होतं ते बघा. घड हिरवा असतानाच कापावा लागतो. कापला की घड्याळ सुरू. नाही कापला तर झाडावर पिकतो, आणि पिकलेलं केळं दिल्लीला जात नाही. रोज बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव जाहीर होतो. व्यापारी येतो, माल हलका आहे म्हणतो, आणि जाहीर भावाच्या खाली कापणी मागतो. मामा म्हणायचे, "तो गाडी घेऊन आला आहे, आणि माझा घड पिवळा पडत चालला आहे. आता बोल, भाव कोण ठरवणार?" गेल्या काही वर्षांत याच बागांनी किलोला वीस रुपयांच्या वरचे दिवसही पाहिले आणि पाच-सात रुपयांवर बाग सोडून दिल्याचे दिवसही पाहिले. आपण शहरात डझनाला मोजतो ते पैसे दोन्ही वेळी फारसे बदलत नाहीत. मधली तफावत कुठे जाते? ज्याच्याकडे पिकवण्याची खोली आहे, त्याच्याकडे. साधारण सोळा ते अठरा अंश तापमानात इथिलीन वायू देऊन चार-पाच दिवसांत केळं बाजारजोगं होतं. ती रायपनिंग चेंबर शेतकऱ्याच्या गावात कमी, आणि जिथे विक्री होते त्या शहरांत जास्त. जिथे चेंबर नाही तिथे अजून चोरून कार्बाइड वापरलं जातं, कायद्याने बंदी असूनही.

त्यातच एकाच जातीवर सगळा खेळ. पन्नास-साठच्या दशकात ग्रोस मिशेल ही जगभर विकली जाणारी जात पनामा रोगाने संपवली, म्हणून कॅव्हेंडिश पुढे आली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार, ज्याला टीआर फोर म्हणतात, कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशापर्यंत येऊन पोहोचला आहे. जळगावात करपा आहेच, आणि २०२० मध्ये कुकुंबर मोझॅकने, ज्याला तिकडे हरण्या म्हणतात, कितीतरी शेतकऱ्यांना लावलेली रोपं उपटून फेकावी लागली. मे-जूनच्या वादळात उभी बाग एका रात्रीत आडवी होते ती वेगळीच. म्हणजे धोका सगळा बागेत, आणि थांबण्याची सोय सगळी बागेबाहेर.

कुणी म्हणेल, दूधवाला तरी कुठे सुखी आहे? बरोबर आहे. जुलै २०१८ मध्ये आपल्याच राज्यात दूध रस्त्यावर ओतलं गेलं, तेव्हा सरकारला गायीच्या दुधाला लिटरला पंचवीस रुपये किमान भाव जाहीर करावा लागला. महाराष्ट्रात आज खासगी डेअऱ्या सहकारी संघांपेक्षा जास्त दूध गोळा करतात, आणि भुकटीचा भाव पडला की पहिला फटका गोठ्यालाच बसतो. पण हेही त्याच मुद्द्याचं उदाहरण आहे. जिथे भुकटीचा कारखाना उत्पादकाच्या हातातून गेला, तिथे थांबण्याची ताकदही गेली. आणि तरीसुद्धा दूधवाल्याला आंदोलन करून काही मिळवता आलं. केळीवाला घड रस्त्यावर टाकतो तेव्हा त्याचा फोटो येतो, किमान भाव येत नाही.

मग करायचं काय? १९५५ मध्ये आणंदने जे दुधासाठी केलं, तेच. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा इथे शेतकऱ्यांच्या मालकीची रायपनिंग चेंबर, शीतगृहं, आणि केळ्याचा पल्प आणि पावडर करणारे कारखाने. पल्प महिनोन्‌महिने टिकतो. त्याला गिऱ्हाईक नाही असं म्हणू नका. बाटलीबंद मिल्कशेक, आईस्क्रीम, लहान मुलांचे खाऊ, सगळ्यांना तो लागतो. दुसरं गिऱ्हाईक खुद्द सरकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा फळ द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा निधी थांबवला. ज्या राज्यात केळी भाव नाही म्हणून बांधावर कुजतात, त्याच राज्यात शाळेतल्या मुलाला आठवड्यातून एकदा काहीतरी पौष्टिक द्यायला पैसे नसतात. हे दोन प्रश्न एकत्र बसवायला फार मोठी बुद्धी लागते असं मला वाटत नाही. इच्छा लागते.

आणि एक गोष्ट घरातली. मिल्कशेक हा मुळात थांबू न शकणाऱ्या केळ्याचा पदार्थ आहे. डझनातली शेवटची तीन-चार केळी काळी पडायला लागतात, मुलं तोंड फिरवतात, तेव्हा आपण मिक्सर काढतो. त्याहून सोपा उपाय सांगतो. अशी केळी सोलून, चकत्या करून, डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभर आरामात राहतात. मिल्कशेकला बर्फ लागत नाही, दाटही होतो, आणि साखरही कमी लागते.

आपल्या घरात हे जमतं कारण आपल्याकडे फ्रीजर आहे. म्हणून आपलं तीस रुपयांचं केळं वाया जात नाही. ज्याने ते वर्षभर राबून पिकवलं, त्याच्या गावात मात्र अख्ख्या बागेसाठी अशी एक खोली नाही. ती असावी, त्याच्या मालकीची असावी, एवढीच मागणी आहे. दुधासाठी ती पूर्ण झाली, उसासाठी झाली. केळ्यासाठी अजून बाकी आहे.

उन्हाळ्यात मिल्कशेक जरूर करा. आणि पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, विशेषतः आमच्या खानदेशात, तर एक ग्लास त्यालाही द्या, आणि विचारा, चेंबर कधी बांधताय?